सकाळची तपासणी, संध्याकाळचे दुखणे

दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, असे आपल्याकडे म्हणतात. ताप, पटकी किंवा मोडलेले हाड यांना ही म्हण बरोबर लागू पडते. पण काही दुखणी येतानाच मुंगीच्या पावलांनी येतात. आज एक पापणी थोडी जड वाटते. दोन महिन्यांनी भाकरी चावता चावता जबडा दमतो. दिवाळीत रांगोळी काढून उठताना मांडीवर हात टेकावा लागतो. घरातले म्हणतात, वय झाले. शेजारी म्हणतात, रक्त कमी असेल, खजूर खा. असे करता करता वर्ष निघून जाते आणि मग केव्हातरी गावातले डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात की न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

मज्जातंतू हुकूम देतो आणि स्नायू तो पाळतो, तेव्हा आपला हात हलतो. या साखळीत चार ठिकाणी बिघाड होऊ शकतो. पाठीच्या कण्यातल्या मज्जापेशींत झाला तर स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीसारखे आजार होतात. मज्जातंतूंच्या आवरणात झाला तर गियाँ-बारे किंवा तिचा दीर्घकाळ चालणारा भाऊबंद आजार होतो. मज्जातंतू आणि स्नायू जिथे भेटतात त्या सांध्यावर झाला तर मायस्थेनिया ग्रॅव्हिस, आणि खुद्द स्नायूत झाला तर ड्युशेनसारख्या मस्क्युलर डिस्ट्रॉफी. यातले बरेच आजार वर्षानुवर्षे सोबत राहणारे आहेत. त्यांच्यासाठी तज्ज्ञाकडे एकदा जाऊन भागत नाही, नाते जोडावे लागते. आणि त्या नात्यातली पहिली भेट बहुतेक घरे कोणतीही तयारी न करता पार पाडतात.

मुलीच्या लग्नाची बोलणी करायला जाताना आपण काय विचारायचे, कोण बोलायचे, कोणी गप्प बसायचे हे आदल्या रात्री ठरवतो. शेताचा व्यवहार असेल तर सातबारा चार वेळा पाहतो. मग जन्मभराच्या दुखण्याच्या भेटीलाच रिकाम्या हाताने का जावे?

दोन सीमा, एकच वाट

या लेखासाठी मी मुद्दाम आपल्या भागापासून दूरचे एक उदाहरण घेते आहे. मध्य प्रदेशातले पांढुर्णा आणि सौसर. संत्र्यांच्या बागांचा हा मुलूख. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणाऱ्या गोटमारीमुळे तो अनेकांना ऐकून ठाऊक असतो. ५ ऑक्टोबर २०२३ पासून छिंदवाड्यातून वेगळा निघून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आहे.

आपल्या वाचकांना या गावांची कथा परकी वाटणार नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. त्या दिवशी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. त्याच दिवशी नागपूर जुन्या मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आले, आणि सौसर-पांढुर्ण्याचा मराठी पट्टा मात्र छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून तिथल्या घरात मराठी किंवा पवारी बोली, कचेरीत आणि शाळेत हिंदी, असा संसार चालू आहे. आसपास गोंडीही बोलली जाते, आणि गोंडी ही द्राविडी कुळातली, म्हणजे कन्नडची दूरची बहीणच. घरात एक भाषा, कागदावर दुसरी आणि डॉक्टरांच्या रिपोर्टवर तिसरी, ही ओढाताण त्यांना आणि आपल्याला सारखीच आहे.

वाटही तशीच. निपाणी-खानापूरचा माणूस मोठ्या दुखण्याला कोल्हापूर-मिरज गाठतो किंवा हुबळी-बंगळूरची गाडी धरतो. पांढुर्ण्याचा माणूस नागपूरला जातो. नागपूर रेल्वेने सुमारे १०० किलोमीटर, आणि त्यांची स्वतःची राजधानी भोपाळ त्याच्या दुपटीहून लांब. सौसरहून सावनेरमार्गे नागपूर आणखी जवळ. छिंदवाड्यात २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी स्नायूंच्या आणि मज्जातंतूंच्या दुखण्याला पावले वळतात ती नागपूरच्या मेडिकलला जोडलेल्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयाकडे, मिहानमधल्या एम्सकडे किंवा खासगी तज्ज्ञांकडे. पहाटे निघायचे, ओपीडीची रांग धरायची, नंबर लागला की आत जायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत. दिवस अख्खा जातो, मजुरी बुडते, पण डॉक्टरांसमोरची वेळ मात्र मोजकी.

ही वेळ किती मोजकी असते? २०१७ साली 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात अनेक देशांतल्या प्राथमिक उपचारांच्या भेटींचा आढावा आला होता. स्वीडनमध्ये एका रुग्णाला सरासरी साडेबावीस मिनिटे मिळत होती, बांगलादेशात ४८ सेकंद आणि भारतात सुमारे २ मिनिटे. तज्ज्ञांकडे याहून जास्त वेळ मिळेल असे धरले, तरी तो मोजूनच वापरावा लागणार.

अकरा वाजताची पापणी

मायस्थेनियाचेच उदाहरण घेऊ, कारण त्यात तयारीची गरज सर्वांत ठळक दिसते. या आजारात शरीराची संरक्षणयंत्रणाच चुकून मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर हल्ला करते. त्यामुळे स्नायू वापरला की दमतो आणि विश्रांती मिळाली की पुन्हा उभारी धरतो. अमिताभ बच्चन यांना हा आजार असल्याचे १९८०च्या दशकातच सर्वांना कळले होते. त्यानंतर त्यांनी किती काम केले हे आपण पाहतोच. म्हणजे हे नाव ऐकून हातपाय गाळण्याचे कारण नाही. पण वेळीच ओळखणे आणि नीट सांभाळणे याला पर्याय नाही.

आता समजा, सौसर तालुक्यातल्या एका बागायतदार घरातली तिशीची सून आहे. सकाळी ती ठणठणीत असते. सडा-सारवण, डबे, मुलांच्या वेण्या सगळे होते. दुपारनंतर पापण्या उतरू लागतात. संध्याकाळी पोळ्या लाटताना हात वर राहत नाहीत. रात्री जेवताना घास गालात राहतो आणि बोलणे नाकातून येते. सासू म्हणते, सकाळी बरी चांगली असते, संध्याकाळीच हिला काय होते? म्हणजे काम टाळायचे सोंग. नवऱ्यालाही तसेच वाटू लागते. शेवटी नागपूरला नेतात. रात्री झोप झालेली, गाडीत बसून विश्रांती मिळालेली, आणि सकाळी अकरा वाजता डॉक्टरांसमोर तिची पापणी जवळजवळ सरळ! डॉक्टरांनी विचारले, काय होते? ती म्हणते, अशक्तपणा वाटतो. डॉक्टरांना असा अशक्तपणा सांगणाऱ्या बायका रोज पन्नास भेटतात.

दुखणे संध्याकाळचे आणि तपासणी सकाळची, हीच इथली खरी अडचण आहे. ती घरच्यांनीच सोडवायची. त्यासाठी मोबाइल आणि एक वही एवढे पुरते.

भेटीच्या आधीचे सात दिवस सकाळी, दुपारी आणि रात्री एकेक ओळ लिहावी. किती वेळ हात वर धरता आला, किती पायऱ्या न थांबता चढता आल्या, जेवताना किती वेळा थांबावे लागले, पाणी नाकातून आले का, एकाचे दोन दिसले का. संध्याकाळी चेहऱ्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्यावा आणि तसाच सकाळी घ्यावा. हेच वृत्तपत्र मोठ्याने वाचायला सांगून आवाज टिपावा. दोन परिच्छेदांनंतर तो बदलतो का ते कळते. लग्नाचा फोटो, जुन्या ओळखपत्रावरचा फोटो असे दोन-तीन जुने फोटोही न्यावेत. पापणी कधीपासून उतरू लागली हे घरच्यांना आठवत नाही, पण फोटो ते सांगतो. जाणकार डॉक्टर असे फोटो आवर्जून पाहतात.

एका श्वासात अंक मोजण्याची साधी चाचणीही डॉक्टर करतात. खोल श्वास घेऊन, बोलण्याच्या जरा वेगाने, एका दमात किती अंक मोजता येतात ते पाहायचे. निरोगी प्रौढाला साधारण पन्नासच्या आसपास जाता येते. आपल्या दुभाषिक घरांनी एवढे लक्षात ठेवावे, की रोज एकाच भाषेत मोजावे. मराठीतले 'पंचवीस' आणि कन्नडमधले 'इप्पत्तैदु' यांना लागणारा श्वास सारखा नसतो. आकडा रोज खाली येत असेल तर ती नोंद फार मोलाची. आणि वीसच्याही आत अडून धाप लागत असेल तर तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

'सुस्तु' म्हणजे नेमके काय?

आता भाषेकडे येऊ. हा माझ्या अध्यापनाचा विषय असल्यामुळे नव्हे, तर इथे शब्दावरून निदानाची दिशा बदलते म्हणून.

आपण 'अशक्तपणा' हा एकच शब्द चार गोष्टींसाठी वापरतो. कन्नड बोलणाऱ्या घरात 'सुस्तु' म्हणतात आणि त्यातही चार गोष्टी येतात. पांढुर्ण्याकडे 'हातपाय गळून जातात' असे म्हणतील आणि डॉक्टरांसमोर त्याचे हिंदी करून 'कमजोरी' सांगतील. न्यूरॉलॉजिस्टच्या दृष्टीने मात्र ही चार वेगळी दुखणी आहेत. स्नायूत ताकदच नसणे, म्हणजे भरलेली कळशी उचलत नाही, ही एक. ताकद आहे पण वापरल्यावर संपते, ही दुसरी. ताकद आहे पण उत्साह नाही, झोप येते, मन लागत नाही, ही तिसरी. आणि मुंग्या येतात किंवा बधिर होते, ज्याला कन्नडमध्ये 'जोमु' म्हणतात, ही चौथी. चौथीचा संबंध संवेदना वाहून नेणाऱ्या तंतूंशी. निव्वळ स्नायूच्या आजारात ती सहसा नसते.

म्हणून शब्द सांगण्याऐवजी काम सांगावे. 'अशक्त वाटते' यापेक्षा 'पूर्वी एका दमात दोन घागरी आणायची, आता अर्ध्या वाटेत खाली ठेवते' हे वाक्य कोणत्याही भाषेत गेले तरी त्याचा अर्थ हरवत नाही. 'जमिनीवरून उठताना गुडघ्यावर, मग मांडीवर हात टेकत उठतो' हे चार-पाच वर्षांच्या मुलाबद्दल सांगितले, तर ड्युशेनच्या दिशेने तपासणी सुरू करायला डॉक्टरांना तेवढेच पुरते. पोटऱ्या फुगीर आहेत, मुलगा वारंवार पडतो, जिना चढताना मागे राहतो हेही सांगावे. फुगीर पोटरी पाहून पहिलवान होणार म्हणून कौतुक करणारी घरे आपल्याकडेही आहेत.

आणखी एक नाजूक गोष्ट. डॉक्टर विचारतील की आईवडील नात्यातले आहेत का. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होते. कन्नड घरांत सोदरमावाशी, म्हणजे सख्ख्या मामाशीही झालेली लग्ने आहेत. हे सांगताना संकोच नको. काही आजारांत दोन्ही बाजूंनी दोष आला तरच मूल आजारी होते, आणि नात्यातल्या लग्नात तसे होण्याची शक्यता वाढते. ड्युशेनमध्ये मात्र दोष आईकडून मुलाकडे जाऊ शकतो आणि कित्येकदा तो नव्यानेही उद्भवतो. डॉक्टरांचा प्रश्न निदानासाठी असतो. 'कोणाच्या घराण्याचा दोष' असा तंटा त्यावरून घरी जाऊन काढणे म्हणजे आजारात आणखी एक आजार.

पिशवीत काय न्यावे

जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून, सर्वांत जुना खाली आणि नवा वर, एका फाइलीत ठेवावेत. चालू असलेल्या प्रत्येक औषधाची पट्टी किंवा बाटली न्यावी. 'पांढरी छोटी गोळी' असे सांगून काही उपयोग होत नाही. वैद्याचे चूर्ण, काढा, दुकानातून न विचारता आणलेली गोळी, सारे न्यावे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या दूषित औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. घरातली औषधाची बाटली हाही पुरावा असतो, हे त्या घटनेने त्या मुलखाला फार मोठी किंमत घेऊन शिकवले.

औषधांची यादी मायस्थेनियात अधिकच महत्त्वाची. जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन यांसारखी प्रतिजैविके, रक्तदाबावरची बीटा ब्लॉकर गटातली औषधे, मलेरियावरचे क्विनीन, शिरेतून दिलेले मॅग्नेशियम यांनी या रुग्णांचा अशक्तपणा एकदम वाढू शकतो. ती कधीच द्यायची नाहीत असे नाही, पण देणाऱ्याला आजार माहीत हवा. तापासाठी गावात एक सुई टोचून घेण्याची आपली सवय इथे धोक्याची ठरते.

शेतकरी घरांसाठी अजून एक. कोणते कीटकनाशक फवारता त्याचे नाव लिहून न्या. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे वाचकांना आठवत असेल. ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके शरीरातल्या एका विशिष्ट विकराला निकामी करतात. मायस्थेनियात दिली जाणारी पायरिडोस्टिग्मिनची गोळी त्याच विकराला थोडा वेळ आणि मापात आवरते. तेव्हा ही गोळी घेणाऱ्या माणसाने बागेत फवारणी करावी का, हा प्रश्न संत्र्याच्या किंवा उसाच्या मुलखातल्या रुग्णाने विचारलाच पाहिजे. शहरातल्या तज्ज्ञाला तो आपणहून सुचेलच असे नाही, कारण रुग्णाचा बहार आणि त्याचा पंप त्यांच्या डोळ्यांसमोर नसतो.

प्रश्न: थोडे, लिहिलेले, क्रमाने

वीस प्रश्न नेले तर एकाचेही नीट उत्तर मिळत नाही. पाच न्यावेत आणि सर्वांत महत्त्वाचा पहिला ठेवावा. नाही तर तो उठता उठता दारात आठवतो. पाच कोणते हे प्रत्येक घराने ठरवायचे, पण त्यांचे गट असे करता येतील.

पहिला गट निदानाचा. आजाराचे नाव काय? ते कागदावर लिहून द्याल का? निदान पक्के आहे की अजून शंका आहे? पुढची तपासणी कोणती आणि तिच्या निकालाने उपचारात काय बदलेल? हा शेवटचा प्रश्न फार कामाचा. मायस्थेनियात रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी, मज्जातंतूला पुन्हा पुन्हा उत्तेजन देऊन केलेली चाचणी आणि छातीतली थायमस ग्रंथी पाहण्यासाठी सीटी स्कॅन असे टप्पे असतात. रक्ताची तपासणी निगेटिव्ह आली म्हणजे आजार नाहीच असे होत नाही. आजार फक्त डोळ्यांपुरता असेल तर असे बऱ्याच जणांत घडते. हे आधी विचारून ठेवले, तर 'रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणजे सोंगच होते' असे म्हणण्याची पाळी घरच्यांवर येत नाही.

दुसरा गट औषधाचा. हे औषध लक्षणावर आहे की मूळ आजारावर? गुण किती दिवसांनी दिसेल? पायरिडोस्टिग्मिनचा परिणाम अर्ध्या-पाऊण तासात सुरू होतो आणि काही तासांत ओसरतो, म्हणून ती जेवणाआधी कधी घ्यायची हे नेमके विचारावे. स्टिरॉइडने सुरुवातीच्या दिवसांत अशक्तपणा थोडा वाढूही शकतो. शिवाय साखर, रक्तदाब आणि हाडे यांवर लक्ष ठेवावे लागते. अ‍ॅझाथायोप्रिनसारख्या औषधाचा गुण दिसायला कित्येक महिने लागतात. हे माहीत नसले की माणूस पंधरा दिवसांत कंटाळून औषध सोडतो. स्टिरॉइड एकाएकी सोडणे तर धोक्याचेच. उपवासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची आणि ती आपल्या गावात मिळते का, हेही याच गटात विचारावे. जामसावळीच्या निजलेल्या मारुतीला किंवा आपल्या यल्लम्माला जायला कोणीही डॉक्टर अडवत नाहीत. मात्र वाटेत गोळीची वेळ चुकता कामा नये.

तिसरा गट धोक्याचा. कोणती लक्षणे दिसली की रात्री-अपरात्रीही निघायचे? थुंकी गिळता न येणे, पाण्याने ठसका लागणे, आडवे पडल्यावर दम लागणे, मान न सावरणे, खोकल्यात जोर नसणे ही साधारण चिन्हे आहेत; आपल्या रुग्णासाठी डॉक्टर आणखी काही सांगतील. जवळच्या कोणत्या रुग्णालयात व्हेंटिलेटर आहे हे आधीच माहीत असावे. १०८ क्रमांकाची गाडी बोलावताना आजाराचे नाव सांगता आले पाहिजे. रुग्णाच्या खिशात किंवा पर्समध्ये आजाराचे नाव, औषधे आणि टाळायची औषधे लिहिलेले कार्ड असावे. ते मराठीबरोबर इंग्रजीतही असावे.

चौथा गट जगण्याचा. काम किती करावे, व्यायाम कोणता, शाळेत काय कळवावे, लग्न आणि मूल यांचे काय. मायस्थेनिया साधारणपणे आईकडून मुलाकडे वारशाने जात नाही, पण काही नवजात बाळांना आईच्या अँटिबॉडीमुळे थोडे दिवस अशक्तपणा येऊ शकतो. म्हणून बाळंतपण सोयी असलेल्या रुग्णालयात व्हावे लागते. काही औषधे गरोदरपणात चालत नाहीत, तेव्हा दिवस जाण्याआधीच विचारणे श्रेयस्कर. इथे घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. सासरे शेजारी बसलेले असताना सून हा प्रश्न विचारू शकत नाही. सुरुवातीची माहिती सांगून झाली की दोन मिनिटे बाहेर जावे. 'लग्न व्हायचे आहे' म्हणून मुलीचा आजार लपवणाऱ्या आईवडिलांनी तर अधिक विचार करावा. लपवलेला आजार पहिल्या बाळंतपणात किंवा शस्त्रक्रियेच्या भुलीच्या वेळी उघडा पडतो, आणि तेव्हा प्रश्न लग्नाचा राहत नाही, जिवाचा होतो.

पाचवा गट पैशाचा आणि कागदांचा. आयुष्मान भारत योजनेचे कार्ड दुसऱ्या राज्यातल्या संलग्न रुग्णालयातही चालते. पांढुर्ण्याचे कार्ड नागपुरात किंवा बेळगावचे कोल्हापुरात चालवायचे असेल, तर त्या रुग्णालयात आणि त्या उपचाराला ते लागू आहे का, हे दाखल होण्याआधी मदत कक्षात विचारावे. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रमाणपत्र कोण देईल हे डॉक्टरांनाच विचारावे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाखाली ठरावीक आजारांसाठी, नेमलेल्या केंद्रांत, ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद झाली. मुंबईचे केईएम अशा केंद्रांपैकी एक. स्नायूंचा प्रत्येक आजार त्या यादीत येत नाही, म्हणून 'आमचा आजार त्यात बसतो का' एवढाच प्रश्न पुरे.

एका प्रश्नाची किंमत

असे प्रश्न विचारले तर डॉक्टर रागावतील, अशी भीती बऱ्याच जणांना वाटते. मायस्थेनियाचा इतिहासच तिला उत्तर देतो. १९३४ साली लंडनच्या ग्रीनिचमधील सेंट अल्फेज रुग्णालयात मेरी वॉकर नावाच्या एक डॉक्टर काम करत होत्या. रुग्णालय साधे, पद बेताचे, न्यूरॉलॉजीत मोठे नाव नाही. तिथे अधूनमधून येणाऱ्या डेनी-ब्राऊन या तज्ज्ञाला त्यांनी या आजाराविषयी विचारले. ते म्हणाले, हे क्युरारे नावाच्या विषाच्या बाधेसारखे दिसते. वॉकरबाईंनी तो धागा सोडला नाही. विषासारखे असेल, तर विषाचा उतारा का देऊ नये? त्यांनी क्युरारेवरचा उतारा, फायसोस्टिग्मिन, टोचून पाहिला आणि रुग्णाची उतरलेली पापणी वर आली. आजची पायरिडोस्टिग्मिनची गोळी त्याच घराण्यातली आहे. छोट्या जागेवरच्या माणसाने मोठ्या तज्ज्ञाला नीट प्रश्न विचारला, म्हणून आज लाखो लोक संध्याकाळचे जेवण स्वतःच्या हाताने जेवतात.

विचारण्याची रीत मात्र सांभाळावी. 'डॉक्टरसाहेब, विसरू नये म्हणून चार गोष्टी लिहून आणल्या आहेत, विचारू का?' असे म्हटले की बहुतेक डॉक्टर कागदच हातात घेतात आणि भराभर उत्तरे देतात. कुठल्या कात्रणावरून त्यांची परीक्षा घेऊ नये. बोलणारा एकच असावा आणि तो शक्यतो रुग्णच असावा. दुसऱ्याने उत्तरे लिहावीत. तिसऱ्याने जाऊच नये. डॉक्टरांची भाषा समजत नसेल तर ते तिथेच सांगावे. मान डोलावून बाहेर येऊन औषधांच्या दुकानदाराला विचारण्यात शहाणपण नाही. उठण्याआधी आपल्या शब्दांत एकदा परत म्हणून दाखवावे: ही गोळी जेवणाआधी, ती सकाळी, ही लक्षणे दिसली तर लगेच यायचे. चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त होते.

आपल्या कागदपत्रांवर आपला हक्क आहे, हेही विसरू नये. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे हा पहिल्याचा अपमान नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत त्याचा समावेश आहे. बंगळूरच्या निम्हान्ससारख्या संस्थेत दुसरे मत घ्यायचे ठरले, तर हीच फाइल आणि हीच वही पुन्हा उपयोगी पडते.

आणि परत आल्यावर घरच्यांना सगळे नीट सांगावे. आजाराचे नाव कळले की पहिला दिलासा पुष्कळदा औषधाने मिळत नाही. 'ती सोंग करत नव्हती' हे घराला कळते, त्याने मिळतो. संध्याकाळच्या पोळ्या दुसऱ्या कोणी लाटायच्या, जड काम सकाळी उरकायचे, जेवण जरा लवकर आणि मऊ करायचे. या गोष्टी डॉक्टर चिठ्ठीवर लिहीत नाहीत, घरानेच ठरवायच्या असतात.

तज्ज्ञाला आजार माहीत असतो. या एका माणसाचे चोवीस तास मात्र घरालाच माहीत असतात. ज्यांच्या हातात पुढची तारीख आहे त्यांनी आज रात्रीच वहीचे एक पान आखावे: सकाळ, दुपार, रात्र असे तीन रकाने आणि खाली पाच प्रश्न. पान मराठीत असो, कन्नडमध्ये असो वा हिंदीत. ते भरलेले असले की पुरे.